वादळ किनाऱ्यावर संपत नाही: ‘गुलाब’, पैनगंगा आणि आपल्या गावचे नाले

पैनगंगाकाठ

राम राम मंडळी.

सप्टेंबर उतरणीला लागला, सोयाबीन पिवळं पडलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड-महागाव पट्ट्यातल्या कास्तकाराचं चित्त आभाळाकडे लागतं. समुद्र इथून सहा-सातशे किलोमीटर लांब. गावातल्या कित्येकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस आमच्या वावरात जे पाणी शिरलं ते त्याच समुद्रातून उठलेल्या वादळाचं होतं. आणि ते शिरलं तेव्हा टीव्हीवरची वादळाची बातमी संपली होती. मला बोलायचंय ते नेमकं यावर.

आधी क्रम सांगतो. २४ सप्टेंबर २०२१ ला बंगालच्या उपसागरात डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची, कमी जोराची पायरी) तयार झालं. २५ ला त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला ‘गुलाब’ हे नाव मिळालं (नावांच्या यादीत हे नाव पाकिस्तानकडून आलेलं). २६ च्या संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. चक्रीवादळांच्या हिशोबात हे काही फार मोठं नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा डिप्रेशन झालं, मग नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. सगळ्या चॅनलवर ‘वादळाचा जोर ओसरला’ अशी पट्टी फिरत होती.

जोर ओसरलेलं तेच वादळ तेलंगणातून आपल्याकडे सरकलं आणि २७-२८ तारखेला यवतमाळ, नांदेड, हिंगोली, बीड, लातूरकडे धो धो कोसळलं. तिकडे मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. इकडे पैनगंगा, पूस आणि त्यांना मिळणारे लहानमोठे नाले फुगले. २८ च्या सकाळी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी पुलावरच्या पाण्यात वाहून गेली. त्यात माणसं गेली. तो नाला एरवी पोरं उड्या मारत ओलांडतात.

हेच वादळ पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा उभं राहिलं. मधे विरून गेल्यामुळे त्याला नवं नाव मिळालं, ‘शाहीन’, आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं. उपसागरात जन्मून ओमानला पोचलेलं वादळ मधल्या वाटेवर मेलेलं कसं असेल? ते आपल्या डोक्यावरून चालतच होतं की!

माझं म्हणणं एवढंच, की किनाऱ्यावरच्या लोकांसाठी वादळ जमिनीवर आलं की सुटकेची वेळ जवळ येते आणि आपल्यासाठी त्याच क्षणाला धोक्याची सुरुवात होते. हे आपल्या गावागावात माहीत असायला पाहिजे. ज्यांना यातलं शास्त्र कळतं त्यांनी समजावून सांगा, ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा.

झाडीपट्टी

धागा काढला ते लई चांगलं केलं भाऊ. मी गडचिरोली जिल्ह्यातला. एक शंका आहे. वारा पडतो मग पाऊस का पडत राहतो? दोन्ही सोबतच कमी व्हायला पाहिजे ना जी?

पाटबंधारे_निवृत्त

झाडीपट्टी, प्रश्न अगदी मुळाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चक्रीवादळाला ताकद मिळते ती गरम समुद्राच्या वाफेतून. पाणी साधारण २६.५ अंशांपेक्षा गरम लागतं, तेही बऱ्याच खोलीपर्यंत. वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग होतात, त्या वेळी तिच्यातली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनं हवा आणखी वर जाते, खालचा दाब आणखी उतरतो, चहूबाजूंनी हवा आत धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरायला लागते. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की हवामान खातं त्याला डिप्रेशन म्हणतं, ५० झाला की डीप डिप्रेशन, आणि ६२ ला पोचला की चक्रीवादळ. नाव मिळतं ते इथं.

जमिनीवर आलं की खालून मिळणारी वाफ तुटते. झाडं, टेकड्या, घरं यांची अडवणूक सुरू होते. म्हणून वारा झपाट्यानं पडतो. पण वर शेकडो किलोमीटर रुंदीत जी दमट हवा जमलेली असते ती कुठं जाणार? भोवरा मंदावतो, पण चालता राहतो, आणि वाटेत ते पाणी खाली सोडत जातो. शिवाय २०२१ साली मान्सूनची परतीची वाटचालच मुळी ६ ऑक्टोबरला सुरू झाली. म्हणजे ‘गुलाब’ आपल्याकडे आलं तेव्हा अरबी समुद्रावरून येणारे मान्सूनचे वारे चालू होते. त्यांनी बाजूनं ओलावा पुरवला. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा प्रणालीत सगळ्यात जास्त पाऊस बहुधा मध्याच्या नैऋत्येला पडतो. नकाशावर मध्य आपल्या गावावर नाही म्हणून निर्धास्त राहू नये, ते याचसाठी.

आता जमिनीचं बघा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते तेव्हा पाणी पिते. सप्टेंबरात ती फुगून भेगा मिटलेल्या असतात, पाणी मुरायला जागा नसते. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १० लाख लिटर पाणी. ज्या नाल्यात दहा चौरस किलोमीटरचं पाणी उतरतं, त्याच्या वाट्याला १०० कोटी लिटर आलं. त्यातलं निम्मं जरी चार-पाच तासांत वाहिलं तरी रपट्याची (नाल्यावरच्या बुटक्या पुलाची) काय गत होईल ते तुम्हीच बघा.

एक गोष्ट आणखी, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. जुलै-ऑगस्टात उपसागरात चक्रीवादळं क्वचितच होतात, कारण त्या वेळी खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरकस वारे असतात. त्या ओढाताणीत भोवरा उंच उभा राहू शकत नाही, डिप्रेशनवरच थांबतो. त्याला नाव मिळत नाही, म्हणून बातमी होत नाही. पण विदर्भात पावसाळ्याच्या मध्यावर जो मोठा पाऊस पडतो तो बहुतेक वेळा असल्या बिननावाच्या डिप्रेशनचा किंवा कमी दाबाच्या क्षेत्राचा असतो. नाव असलेल्या वादळाचीच वाट पाहत बसलो तर आपल्याला इशारा कधी मिळणारच नाही.

वावरवाली

काकांनी छान उलगडून सांगितलं. मी त्या दिवसांतलं सोयाबीनचं सांगते.

आमचं सोयाबीन सोंगून (कापून) झालं होतं. थ्रेशरवाल्याचा नंबर लागायचा होता म्हणून वावरातच गंजी लावली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड, भोवती दोर. पाऊस वरून आत गेला नाही. पण वावरात घोटाभर पाणी साचलं आणि गंजीनं ते खालून ओढलं. पाऊस उघडल्यावर ताडपत्री काढली आणि गंजीत हात घातला तर आतून वाफ निघत होती, हात ठेववत नव्हता इतकी गरम. मधल्या शेंगा फुगून फुटलेल्या, दाण्यांना पांढरे कोंब. खालचा हातभर थर तर काळा, बुळबुळीत, आंबूस वासाचा. आम्ही बायांनी चांगल्या पेंढ्या वेगळ्या करून धुऱ्यावर वाळत घातल्या. जो दाणा निघाला तो बाजारात डागी म्हणून गेला.

कपाशीचं वेगळंच. खालची बोंडं फुटायच्या बेताला होती, ती झाडावरच काळी पडली.

तेव्हापासून आमच्याकडे गंजी कधीच सपाट वावरात लावत नाही. उंचवट्याची जागा बघायची, खाली पऱ्हाट्यांचा नाहीतर तुराट्यांचा (कपाशीच्या, तुरीच्या वाळल्या काड्यांचा) जाड थर द्यायचा, भोवती चर खोदायचा आणि चराचं तोंड उताराकडे काढायचं. ताडपत्रीपेक्षा चर महत्त्वाचा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

वर्धाकाठ

काकांनी बिननावाच्या पावसाचं लिहिलं म्हणून मोवाडची आठवण करून देतो. ३० जुलै १९९१. नरखेड तालुक्यातलं मोवाड, वर्धा नदीच्या काठावरचं भरलं गाव. नदी गावात शिरली आणि २०४ माणसं गेली. आमच्या भागात आजही नदीचं पाणी गढूळ झालं, वाहत्या पाण्यात झाडांचे ओंडके दिसायला लागले की म्हातारी माणसं झोपत नाहीत. पोरांना याचं काही ठाऊक नाही, कारण शाळेच्या पुस्तकात मोवाड कुठंच नाही. जिल्ह्याच्या भूगोलाच्या धड्यात दोन ओळी तरी असाव्यात, असं मला फार वाटतं.

वैनगंगेचा_तीर

भंडाऱ्याकडून माझीही भर. आमच्याकडे ऑगस्ट २०२० च्या शेवटी पूर आला तेव्हा गावात पाऊस उघडला होता! पाऊस पडला तो वर, मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, पेंच-कन्हानकडूनही आलं, आणि खाली गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी, पवनीकडे पाणी, खाली ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजला तर चारही बाजूंनी वेढा. आभाळ मोकळं दिसतंय म्हणून लोक जनावरं सोडवायला उशीर करत होते.

म्हणून नुसता आपल्या तालुक्याचा अंदाज पाहून चालत नाही. वैनगंगेच्या लोकांनी शिवनी-बालाघाटचा पाऊस पाहावा, वर्धेच्या लोकांनी बैतुलचा, पैनगंगेच्या लोकांनी बुलडाणा-वाशिमचा. पाणी यायला काही तास लागतात आणि तेवढेच तास आपल्या हातात असतात.

झाडीपट्टी

पाटबंधारे काका, आता समजलं जी. धन्यवाद.

आमच्या धानवाल्यांचं दुखणं याहून उशिराचं आहे. २०२३ च्या ५ डिसेंबरला ‘मिचाँग’ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्यावर आलं. डिसेंबरात कोण पावसाची तयारी ठेवतो? कापलेल्या धानाच्या कडपा (पेंढ्या) बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, पसरलेल्या होत्या, काहींचे पुंजणे (ढीग) लागले होते. पाऊस काही पुरासारखा नव्हता, पण ओल्या कडपा उलटायला मजूर मिळाले नाहीत, आणि खालच्या लोंब्यांना तिथंच अंकुर फुटले. लाल पडलेला धान घेऊन खरेदी केंद्रावर गेलं की ओलावा मोजतात आणि परत पाठवतात. पूर दिसतो तरी, फोटो निघतो. असं नुकसान बांधीत वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

स्पष्ट_बोलतो

सगळे वादळावर घालताय. माझ्या मते अर्ध्याहून जास्त पूर धरणवाल्यांनी आणलेले आहेत. आधी भरभरून साठवायचं आणि मग रात्री एकदम सोडायचं. निसर्गाचं नाव सांगून हे झाकलं जातं.

पाटबंधारे_निवृत्त

तुमच्या रागामागचं कारण मला मान्य आहे, निष्कर्ष अर्धाच मान्य आहे.

धरणातला साठा तारखेप्रमाणे किती ठेवायचा याचं वेळापत्रक असतं. सप्टेंबरअखेरीला धरण जवळपास भरलेलं असावं असंच ते आखलेलं असतं, कारण पुढचा हरभरा, गहू आणि उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी त्यावर अवलंबून असतं. ‘गुलाब’सारखं वादळ नेमकं अशा वेळी येतं की धरणात जागाच नसते. मग जेवढं आत येईल तेवढं सोडावंच लागतं. आधी रिकामं करायचं तर दोन-तीन दिवस आधीचा खात्रीचा अंदाज लागतो, आणि पाऊस हुकला तर वर्षभर शिव्याही खाव्या लागतात. तरीही वादळ उपसागरात असतानाच थोडं थोडं पाणी सोडून जागा करता येते आणि ती करायला हवी. पाणी सोडताना खालच्या गावांना दिवसाउजेडी कळवणं हेही कर्तव्यच. तिथं ढिलाई होते तेव्हा तुमचा राग रास्त आहे.

पण दहागावसारख्या नाल्यांवर धरण नसतं. तिथं आणखी एक भानगड होते, ती म्हणजे फुगवटा. मोठी नदी भरून वाहत असली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे मागे चढतं. गावात पाऊस थांबलेला, नाल्याला धार नाही, तरी पाणी संथपणे वर येत राहतं. पैनगंगा आणि वैनगंगेच्या काठची कितीतरी गावं अशीच बुडतात. सिरोंच्याला २०२२ च्या जुलैत गोदावरी-प्राणहितेनं हेच दाखवलं.

स्पष्ट_बोलतो

फुगवट्याचं पटलं. आमच्या गावात पाणी उलटं चढतं ते लहानपणापासून पाहतोय, कारण आज कळलं. पण दिवसाउजेडी कळवण्याबद्दल मी मागे हटणार नाही.

पाटबंधारे_निवृत्त

हटूही नका.

अंबाडीचं_फूल

हवामान बदलामुळे अशी वादळं वाढलीत का?

पाटबंधारे_निवृत्त

ताई, सरळ हो-नाही देता येत नाही. पावसाळ्यातल्या डिप्रेशनची संख्या गेल्या काही दशकांत उलट कमी झालेली आहे. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणारा टोकाचा पाऊस तिपटीनं वाढला. त्यातला बराच ओलावा अरबी समुद्राकडून येतो. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. म्हणजे वादळं तेवढीच आली किंवा कमी आली, तरी एकेक जास्त पाणी घेऊन येणार.

पुण्यात_असतो

आईबाबा महागाव तालुक्यात दोघंच राहतात. २०२३ च्या जुलैत त्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावरच्या लोकांना पुरातून बाहेर काढावं लागलं होतं, तेव्हापासून पाऊस म्हटलं की माझा जीव घाबरा होतो. इथून मी नेमकं काय पाहावं आणि त्यांना काय सांगावं?

पैनगंगाकाठ

भाऊ, मी काय करतो ते सांगतो. उपसागरात कमी दाब तयार झाल्याची बातमी आली की नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्ह्यांचा इशारा रोज पाहतो. त्यात पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. वादळ किनाऱ्यावर आलं की पुढचे तीन दिवस तर सोडतच नाही. केंद्रीय जल आयोगाच्या संकेतस्थळावर मोठ्या नद्यांची पातळी दिसते. आपत्ती प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप बाबांच्या फोनवर टाकून द्या, विजांसाठी ‘दामिनी’. पण नाल्याची पातळी कुठल्याच ॲपवर नसते. त्यासाठी नाल्याच्या वरच्या अंगाला जे गाव आहे तिथला एक माणूस ओळखीचा पाहिजे. आमच्याकडे वरच्या गावातला गुराखी फोन करतो, आणि आजवर सगळ्यात आधी खबर त्याचीच आली आहे.

वावरवाली

दादा, आईला सांगा की जनावरांची दावी रात्री सैल बांधायची, फासाची गाठ नको. पुरात गुरं वाहून मरतात त्यापेक्षा गोठ्यात खुंट्याला बांधलेली जास्त मरतात, असं आमच्याकडे पाहिलंय. सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगा. दिवे जायच्या आधी फोन भरून ठेवा. आणि बाबा पुलावरून पाणी असताना गाडी काढतात का? बहुतेक बाबा काढतातच. दोन फूट वाहतं पाणी चारचाकी उचलतं, मोटरसायकलला तर फूटभरही पुष्कळ होतं. गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की खचला हेही दिसत नाही. पलीकडे कुणाकडेही मुक्काम करा, पण पाणी ओलांडू नका, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

पुण्यात_असतो

ताई, आजच फोन करतो. दाव्याचं तर कधी डोक्यातच आलं नसतं.

कापूसपट्टा

पंचनाम्याचं कोणीच लिहिलं नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तर मदत. पण पर्जन्यमापक मंडळाला एक, गावं डझनभर. आमच्या शिवारात ढग फुटला आणि मापक असलेल्या गावात रिमझिम झाली, तर कागदावर आमच्याकडे पाऊसच नाही. वादळाचा पाऊस तर पट्ट्यापट्ट्यानं पडतो.

विम्याचंही असंच. ‘गुलाब’च्या वेळी नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती. सोंगून वावरात पसरलेल्या पिकालाही १४ दिवसांपर्यंत चक्रीवादळाच्या पावसाचं संरक्षण होतं. वावरवाली ताईंची गंजी आणि झाडीपट्टी भाऊंच्या कडपा यांच्यासाठीच ती तरतूद होती. राज्यात खरीप २०२५ पासून ती काढली, तेव्हापासून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या (निवडक वावरांत पीक कापून मोजलेल्या) उत्पन्नावर. कापणी प्रयोग झाला, उत्पन्न चांगलं दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी गंजी भिजली तर काय? ही तरतूद परत यायलाच पाहिजे. ग्रामसभेचे ठराव जाऊ द्या याच्यासाठी.

पैनगंगाकाठ

कापूसपट्टा भाऊ, ठरावाचा मसुदा इथंच टाका, आम्ही आमच्या ग्रामसभेत मांडतो. मापकाबद्दलही त्यातच लिहा. निदान नाल्याकाठच्या गावांना ग्रामपंचायतीत एक साधं पर्जन्यमापक आणि रोज सकाळी साडेआठची नोंद. पंचनाम्याला ती नोंद ग्राह्य धरली जाईल की नाही हे वेगळं भांडण, पण आधी नोंद तरी असू द्या.

दुसरं, आमच्या रपट्याच्या दोन्ही टोकांना सिमेंटचे खांब उभे करून त्यांवर फुटाफुटाचे पट्टे रंगवायचं ठरलंय. एक फुटापर्यंत पिवळा, त्यावर लाल. कुणाच्या गावात असं केलं असेल तर फोटो टाका.

वर्धाकाठ

आमच्याकडे आहेत. उद्या फोटो टाकतो. नुसत्या रंगावर राहू नका, पट्ट्यांवर रेडियम चिकटवा, नाहीतर रात्री बॅटरीच्या उजेडात आकडा दिसत नाही. आणि खांब रपट्याला लागून नको, दोन-तीन मीटर अलीकडे, चढावर. आमचा पहिला खांब ओंडक्याच्या धक्क्यानं गेला.